विळीचा गंज



पावसाळ्यात विळी ओलीच ठेवली, की सकाळी पात्यावर तांबूस डाग दिसतात. लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू दोन्ही मिळाले, की गंज चढायला वेळ लागत नाही. ॲल्युमिनियमवरही हवेने थर बसतो, पण तो घट्ट असतो, आतल्या धातूला जपतो. गंज मात्र भुसभुशीत. तो ओल धरून ठेवतो आणि आतलं लोखंड खात जातो. म्हणून तो वेळीच काढावा लागतो.

उपाय घरातलाच आहे. भिजवलेली चिंच आणि मीठ पात्यावर चोळून थोडा वेळ ठेवायचं. आंबटपणाने गंज सुटतो. मग बोटं सांभाळून काथ्याने घासायचं, धुऊन लगेच कोरडं पुसायचं आणि खोबरेल तेलाचा हात फिरवायचा. चिंच फार वेळ राहिली, तर मात्र ती चांगल्या लोखंडालाही सोडत नाही.

कुणाची कानउघाडणी करताना हेच ध्यानात ठेवू या. आंबट शब्द लागतील तेवढेच वापरावेत. दोष निघावा, माणूस झिजू नये. आणि बोलून झाल्यावर मायेचा हात फिरवायला विसरू नये. दोष पुन्हा चढू नये, याची निम्मी काळजी तिथेच घेतली जाते.