कात्री अजून हातात आहे



आंरी मातिस हे फ्रान्सचे नामवंत चित्रकार. १९४१ साली, वयाच्या ७१व्या वर्षी, त्यांच्यावर आतड्याच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण पुढचे दिवस बहुतेक अंथरुणावर नाहीतर चाकांच्या खुर्चीत गेले. चित्रासमोर तासन्‌तास उभं राहणं संपलं.

मग मातिस यांनी कात्री घेतली. मदतनीस कागद रंगवून देत, ते अंथरुणात बसून त्यातून पानं, पक्षी, लाटा कापत. सांगतील तिथे ते तुकडे भिंतीवर टाचले जात. भिंतीवर रेखाटायचं असेल तेव्हा लांब काठीच्या टोकाला कोळसा बांधत. त्या कातरकामातून १९४७ मध्ये ‘जाझ’ हे पुस्तक आलं. १९५१ मध्ये वाँस गावातलं, त्यांनीच आखलेलं प्रार्थनाघर पूर्ण झालं. त्याच्या रंगीत काचांचे नमुनेही कागद कापूनच केलेले. वयाच्या ८४व्या वर्षापर्यंत हे काम चालू होतं.

आपली आजीही हेच करायची, नाही का? विरलेलं लुगडं फाटलं म्हणून ती रडत बसली नाही. धड तेवढा भाग कापून घेतला, टाके घातले आणि नातवंडांना गोधडीची ऊब दिली.

आजारपण, नुकसान, जोडीदाराचं जाणं, या गोष्टी बरंच काही नेतात. गेलेल्याचं दुःख करावंच, ते खरं असतं. पण आज चहा झाल्यावर एक कागद घ्या आणि आपल्याकडे काय उरलंय, ते लिहून काढा. आजचं काम त्यातूनच सुरू करा.