देवाची ओळख हेंच सार्वकालिक जीवन (योहान १७:३)

सार्वकालिक जीवन म्हणजे काय असें विचारलें असतां, मेल्यावर मिळावयाचें न संपणारें आयुष्य, असें आपल्यांतील बहुतेक सांगतात. हें खोटें नव्हे. तथापि धरून देण्यांत आला त्या रात्रीं प्रार्थना करितांना प्रभूनें त्याचा अर्थ निराळा लाविला. पित्याची व त्यानें पाठविलेल्या पुत्राची ओळख, यालाच त्यानें तें नांव दिलें. वर्षें किती, हें त्यांत मोजलेलेंच नाहीं.

सेलूच्या बाजारांत कापूस नेणारा शेतकरी दहा अडत्यांचीं नांवें सांगूं शकतो. परंतु पेरणीच्या तोंडावर बियाण्यास पैसे नसले म्हणजे ज्याच्या दारीं तो संकोच न धरितां जातो, तेवढ्यालाच तो ओळखतो. माहिती निराळी, ओळख निराळी.

पंडिता रमाबाईंचें चरित्र पाहा. लहानपणींच आईबापांपासून संस्कृत शिकून त्यांनीं तीर्थोतीर्थीं पुराणें सांगितलीं. दुष्काळांत आईबाप गेले. १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांच्या विद्येचा गौरव केला. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदा सदन उघडलें. आतां काय उणें राहिलें, असें कोणासहि वाटलें असतें. पण १९०७ सालच्या आपल्या साक्षींत त्या सांगतात कीं, बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्म हातीं आला, तरी स्वतः ख्रिस्त लाभला नव्हता. त्यास पुढें सुमारें आठ वर्षें लागलीं. विद्या होती, परोपकारहि होता, तरी आठ वर्षें!

उपदेशक बंधूंनो, प्रश्नोत्तरें पाठ झालीं म्हणजे माणूस तयार झाला, असें आपण किती सहज लिहून पाठवितों! (सेमिनरींत ग्रीक क्रियापदें घोकून परीक्षाहि उतरतां येते, आम्हीं उतरलों.)

मग ज्या भगिनीला अक्षरच येत नाहीं तिनें काय करावें? रमाबाईंना हीच चिंता होती. म्हणून केडगांवीं मुक्तिसदनांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून, अशिक्षित बायांस ऐकतांच समजावें अशा सोप्या मराठींत सर्व पवित्र शास्त्र उतरविलें. तें काम संपवून ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूकडे गेल्या. ऐकणारीलाहि ओळख होते. अम्माऊसच्या वाटेवर दोघां शिष्यांनीं सारें शास्त्र ऐकलें, अंतःकरणें आंतून पेटलीं. तरी प्रभूला त्यांनीं ओळखलें तें घरीं, भाकर मोडतांना. तोंवर तो सोबत चालत होता, आणि त्यांना ठाऊक नव्हतें! पण मुक्काम कर, असा आग्रह त्यांनीं धरिला होता. पाहुण्याला दारावरूनच निरोप दिला असता तर?

या ओळखीची खूण कोणती, हें यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायांत आहे. यहोयाकीम राजा मजुरी न देतां मजुरांकडून वाडा बांधवीत होता. त्याला संदेष्टा त्याच्या बापाची, योशीयाची आठवण देतो: तो खातपीत असे, आणि गरिबाचा न्यायहि करीत असे; देवाला ओळखणें म्हणजे दुसरें काय? येथें स्तोत्रांचा किंवा उपासनेचा उल्लेखच नाहीं. शेजाऱ्याचा बांध कोरणाऱ्याला, गड्याचें सालाचें धान्य अडवून ठेवणाऱ्याला हें वचन जड जाईल, जावें.

तेव्हां येत्या रविवारीं हे दोन्ही अध्याय मंडळींत सावकाश वाचावे. आणि ज्याच्याकडे कोणाची मजुरी राहिली असेल, त्यानें ती शनिवारींच पोंचती करावी.