सूनबाईचा कोको आणि माझी पूजा

॥ श्री गुरवे नमः ॥



मागच्या गुरुवारी सत्संगात विषय निघाला होता, नित्यनेम कशाला म्हणायचं? मी तेव्हा गप्प बसले. जे सांगायचं होतं ते चारचौघांत तोंडातून निघेना, म्हणून आज लिहिते.

आमची सूनबाई पुत्तूरकडची, दक्षिण कन्नड जिल्ह्यातली. तिकडे आपली मराठी बोलणारी कऱ्हाडे-चित्पावन घरं पिढ्यान् पिढ्या सुपारीच्या बागा करतात आणि सुपारीच्या सावलीत कोको लावतात. १९८६ साली शेतकऱ्यांच्या कॅम्पको संस्थेने पुत्तूरला चॉकलेटचा कारखाना काढला, त्यामुळे कोकोचं तिथे कुणाला नवल नाही. सूनबाईच्या वडिलांना घरीच बिया भाजून, वाटून गोळे करायची हौस. दर वर्षी एक डबा आमच्याकडे बेळगावला यायचा. गेल्या पावसाळ्यात ते गेले.

सूनबाईचा रोजचा क्रम ठरलेला. सकाळी सहाला उठून ती गोळा थोडा किसणार, कपभर पाणी तापवणार पण उकळू देणार नाही, त्यात कीस, थोडा गूळ, चिमूटभर दालचिनी घालून रवीने घुसळणार. फेस आला की कप दोन्ही हातांत धरून मागच्या पायरीवर दहा मिनिटं बसणार. मोबाइल नाही, बोलणं नाही.

देवघराच्या खिडकीतून ती पायरी दिसते. मला राग यायचा. आमच्या घरचं वळण म्हणजे आंघोळ झाली की आधी देवाला नमस्कार, मग पोटात काही. मनात म्हणायचे, हे कसलं नवीन सोवळं! तोंडाने स्तोत्र चालू आणि डोळे खिडकीबाहेर.

नवरात्राआधी साफसफाई काढली. फडताळात तो डबा सापडला. तळाशी एकच गोळा, त्यावर पांढरा थर. बुरशी आली म्हणून मी तो सरळ घंटागाडीत टाकला. विचारलंसुद्धा नाही.

संध्याकाळी सूनबाईने रिकामा डबा पाहिला. म्हणाली, “आई, ती बुरशी नव्हती हो. कोकोतलं तूप वर येतं, ते पांढरं दिसतं.” एवढंच. बाबांच्या हातचा शेवटचा होता, हे तिने सांगितलंच नाही. मला ते रात्री मुलाकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी मी पूजेला बसले आणि सवयीने खिडकीतून पाहिलं. ती तिथेच बसली होती. तोच कप, तसेच दोन्ही हात. मी उठून गेले, वाकून पाहिलं. कपात नुसतं गरम पाणी होतं.

माउलींनो, त्या दिवशी गंध उगाळताना माझा हात थांबला. सद्गुरु आपल्याला कितीदा सांगतात की पूजेचे उपचार सोळा, पण स्मरण सुटलं तर ती नुसती हातांची हालचाल. ऐकताना मी नेहमी मान डोलावली. तिच्या कपातला कोको गेला तरी तिचं स्मरण राहिलं. माझ्या ताम्हनातून फुलं, गंध, कापूर काढून घेतला तर काय उरेल? त्या दिवशीचं खरं उत्तर सांगते, सुनेवरचा राग उरला असता.

क्षमा मागितली. “असू दे आई,” म्हणाली. पण तेवढ्याने मन निवेना. विहीणबाईंना फोन करून वाळवलेल्या बिया मागवल्या. तेव्हा कळलं, फळातून काढलेल्या बिया पाच-सहा दिवस केळीच्या पानांखाली आंबवतात, मधून मधून हलवतात, मग उन्हात वाळवतात. आंबल्याशिवाय त्यांना ती चवच येत नाही. मी त्या लोखंडी कढईत मंद आचेवर भाजल्या, सालं चोळून सुपात पाखडल्या आणि पाटा गरम करून वाटायला बसले. कोको पिण्याची रीत मेक्सिको-ग्वाटेमालातही फार जुनी. तिथल्या बायकाही तापवलेल्या दगडी पाट्यावर तो वाटतात आणि लाकडी रवीने फेस काढतात, असं सूनबाई सांगते. १७५३ मध्ये लिनियस या शास्त्रज्ञाने झाडाचं नाव ठेवलं थिओब्रोमा, ग्रीक भाषेत देवांचं अन्न. आपण त्याला नैवेद्य म्हणू.

दीड तास वाटलं, खांदा भरून आला. कोरड्या भुकटीला हळूहळू तूप सुटलं आणि ती पातळ झाली, तेव्हा मलाही रडू फुटलं.

सकाळी सूनबाईने पहिला घोट घेतला. “बाबांचा याहून कडू असायचा,” म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली. मग अर्धा कोको माझ्या कपात ओतला. आम्ही दोघी पायरीवर बसलो. पूजा वीस मिनिटं उशिरा झाली, पण त्या दिवशी डोळे खिडकीबाहेर गेले नाहीत.

या आठवड्याचा नेम:
• सकाळचा पहिला कप चहाचा असो, दुधाचा किंवा कोकोचा. करताना मुखी नाम असावं, आधी देवापुढे ठेवावा, मग मोबाइल दूर ठेवून बसून प्यावा.
• घरात दुसरं कुणी शांत बसलं असेल तर त्याचाही तो नेमच समजावा. मध्ये बोलू नये.
• दुसऱ्याचा डबा विचारल्याशिवाय टाकू नये. हे माझ्यासाठी!

(घट्ट कोको सगळ्यांना सोसत नाही. हृदयविकार किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.)

लिहिण्यात चुकलं असेल ते माझं, गोड लागलं असेल ते सद्गुरूंचं.

॥ श्रीसद्गुरुचरणार्पणमस्तु ॥