विषाणूची वंशावळ आणि माणसाचा दोष

साथ आली कीं गांवांत पहिला शोध सुरू होतो तो औषधाचा नव्हे, परक्याचा. रोग कोणीं आणला, हें आधीं हवें असतें. रोग काय आहे, हें मागाहून. एचआयव्हीच्या बाबतींत हा जुना प्रश्न आतां शास्त्राच्या भाषेंत बोलूं लागला आहे, म्हणून त्याचा थोडा विचार करावा असें आम्हांस वाटतें.

हा विषाणु स्वतःची नक्कल करतांना फार चुका करतो. त्या चुका सांचत जातात. दोन रुग्णांच्या विषाणूंत जितका फरक अधिक, तितका त्यांचा समाईक पूर्वज दूरचा. बोलीभाषांतील भेदांवरून मूळ भाषेचें वय अजमावावें, तसाच हा प्रकार. या रीतीनें पाहतां विषाणूचें विलक्षण वैचित्र्य आढळतें तें काँगोच्या राजधानींत, किन्शासा येथें. १९६६ पर्यंत तिचें नांव लिओपोल्डव्हिल असें होतें. १९५९ व १९६० सालीं तेथें घेतलेले दोन नमुने एकमेकांपासून इतके भिन्न निघाले कीं त्यांचा पूर्वज कित्येक दशकें आधींचा असला पाहिजे असें ठरलें. २०१४ सालच्या एका संशोधनानें तो काळ १९२० च्या सुमाराचा मानला. विषाणु मुळांत आग्नेय कॅमेरूनमधील चिंपान्झींचा. तेथून नदीच्या वाटेनें तो या शहरांत उतरला असावा.

शहर तरी कसलें? तेथून खालीं काँगो नदी धबधब्यांतून उतरते व जहाजें चालत नाहींत, म्हणून १८९८ सालीं समुद्राकडील मातादी बंदरापर्यंत आगगाडी पुरी झाली. बेल्जियन राज्यकर्त्यांस गोदीवर आणि कारखान्यांत हात हवे होते, संसार नको होते. पुरुष आणले गेले, बायका मागें राहिल्या. मुंबईच्या गिरणगांवांत एका खोलींत वीस वीस कोंकणी गडी कसे राहत, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस अशा शहराचें चित्र निराळें रंगवून दाखवावयास नको. वेश्याव्यवसाय वाढला, सरकारी दवाखान्यांत एकच सुई अनेकांस टोंचली जाई, तिचाही यांत हात असावा असें कांहीं संशोधक म्हणतात. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वर्षाला दहा लाखांहून अधिक उतारू आगगाडीनें या शहरांतून जात-येत. कटंगाच्या तांब्याच्या खाणींकडे गेलेल्या वाटेवर 'सी' नांवाची शाखा वाढली, तेथून ती दक्षिण आफ्रिका खंडांत पसरली. आणि आपल्या देशांतील बहुतेक रुग्णांच्या रक्तांत आहे ती हीच शाखा.

दुसरी शाखा, 'बी', निराळ्या वाटेनें गेली. १९६० सालीं काँगो स्वतंत्र झाला, बेल्जियन कारभारी निघून गेले, आणि फ्रेंच जाणणारे हैतीचे शिक्षक, डॉक्टर व इतर जाणकार तेथें नोकरीस आले. त्यांच्यापैकीं परतणाऱ्या कोणाबरोबर विषाणु हैतींत पोंचला असावा, व १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कांत. किन्शासांत अनेक शाखा नांदल्या. न्यूयॉर्कांतील साथ मात्र मुख्यत्वें एकाच फांदीची. १९८३ सालीं अमेरिकन अधिकाऱ्यांनीं हैतीच्या लोकांस सरसकट धोक्याचा वर्ग ठरविलें. १९९० सालीं त्यांचें रक्तही नाकारण्यांत आलें, तेव्हां एप्रिलमध्यें हजारों हैतीयन ब्रुकलिनच्या पुलावरून चालत गेले. तो निर्बंध त्याच वर्षाअखेर उठला.

येथें प्रतिपक्षी म्हणेल : विषाणु हैतीमार्गें आला हें तुम्हीच मान्य करतां, मग आरोप खोटा कसा? हा आक्षेप टाळतां येण्याजोगा नाहीं. पण कारण आणि दोष हीं दोन आहेत. ज्याला १९८३ पूर्वीं कोणी पाहिलेंच नव्हतें तें घेऊन प्रवास करणाऱ्याचा दोष काय? शिवाय सांखळी मागें न्यावयाची तर हैतीशीं कां थांबावें? त्याच्यामागें बेल्जियन आगगाडी आहे, तिच्यामागें खाणींचा नफा आहे. आरोप करणारा थांबतो तो शास्त्र थांबतें म्हणून नव्हे. समोर दुबळा मनुष्य उभा दिसला कीं तो थांबतो. कॅनडाच्या एका विमानसेवकाला १९८७ सालच्या एका पुस्तकानें साथीचा मूळपुरुष म्हणून जगभर बदनाम केलें. त्याच्या नोंदींतील इंग्रजी 'ओ' अक्षर लोकांनीं शून्य म्हणून वाचलें होतें! २०१६ सालीं जुन्या रक्ताच्या तपासणींत त्याचा विषाणु वंशवृक्षाच्या मध्यें कोठेंतरी सांपडला, मुळाशीं नव्हे. तोंवर त्याला मरून ३२ वर्षें झालीं होतीं.

हें सर्व जुनें झालें असें मात्र नाहीं. अमेरिकेंत औषध निवडण्यासाठीं घेतलेल्या नमुन्यांवरून आरोग्यखातें आतां कोणाचा विषाणु कोणाच्या जवळचा, याचे नकाशे काढतें. साथ आटोक्यांत आणण्यास त्यांचा उपयोग आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. आपल्याकडे २०१७ च्या कायद्यानें रुग्णाच्या संमतीवांचून त्याची स्थिति उघड करण्यास बंदी केली आहे. पण नातें दाखविणारा नकाशा एकट्याची संमति घेऊन काढतां येत नाहीं. त्यांत दुसराही असतो, आणि त्याला कोणीं विचारलें?