पत्राचा मुक्काम

पत्र कुणाच्या नावावर आलं यापेक्षा ते मुक्कामाला कुठे आहे, यावर त्याची मालकी ठरते.

ईमेल आपल्यापर्यंत चालत येत नाही. ती सर्व्हरवर थांबते आणि आपलं यंत्र तिला भेटायला जातं. या भेटीच्या दोन रीती (प्रोटोकॉल) म्हणजे पॉप आणि आयमॅप. पॉप पत्र उचलून घरी आणतो आणि एरवी मागची जागा झाडून टाकतो. आयमॅप पत्राला जागचं हलवत नाही. तिथे जायचं, वाचायचं, खूण करायची, परतायचं.

वणीकराला हे समजायला वेळ लागू नये. सप्तशृंगीची अठरा हातांची मूर्ती गडाच्या कड्यातच आहे. ती कुणाच्या घरी येत नाही. घरी येतो तो प्रसाद. तो आला की तुमचा, आणि संपला की संपला. दर्शनाला मात्र दर वेळी गड गाठावा लागतो. २०१८ साली फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आणि पायऱ्यांचं भय गेलं. वाट सोपी झाली की घरी साठवण्याची घाई उरत नाही. मेलचंही पुढे तेच झालं.

पॉप जुना आणि आयमॅप नवा, असं सरसकट सांगितलं जातं. पॉपचा पहिला मसुदा १९८४चा आहे. आयमॅप मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्डमध्ये १९८६ साली रचला. दोन वर्षांचं अंतर म्हणजे पाठोपाठची भावंडं. धाकट्याचा जमाना उशिरा आला, एवढंच.

उशिराचं कारण फोनचं बिल. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट लोकांना खुलं केलं, ते मोजक्या महानगरांत. बाहेरगावाहून जोडायचं तर एसटीडी, आणि एसटीडी म्हणजे एक डोळा घड्याळावर. मोडेम किंचाळायचा, पत्रं उतरायची, लाइन तोडायची आणि मग निवांत वाचायचं. पॉप हा काटकसरी माणसाचा स्वभाव होता.

काटकसरीला स्वतःचं शहाणपण असतं. पॉपला ‘काढून टाक’ म्हटलं तरी सर्व्हर लगेच काढत नाही, नुसती नोंद घेतो. यंत्राने ‘क्विट’ म्हणून रीतसर निरोप घेतला की मगच पुसतो. मध्येच लाइट गेली तर एकही पत्र जात नाही. लोडशेडिंग सोसलेल्या मुलखाला याहून दयाळू नियम दाखवता येणार नाही.

पण पॉपला ‘वाचलं’ म्हणजे काय हे ठाऊकच नाही. पत्र हातात दिलं, त्याचा विषय संपला. आयमॅप सगळं ध्यानात ठेवतो: कोणतं वाचलं, कशाला उत्तर गेलं, कोणतं कुठल्या फोल्डरात ठेवलं. जड जोडपत्र न उतरवता नुसता मथळाही आणून देतो. ऑफिसात वाचलेलं पत्र फोनवरही वाचलेलंच दिसतं.

सोय म्हणतात ती हीच, आणि घोटाळाही इथेच होतो.

दिंडोरी तालुक्यातलं एक्सपोर्टच्या द्राक्षांचं घर घ्या. मेलचा पत्ता एक आणि पासवर्ड घरभर. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशांवरून भारतीय द्राक्षं युरोपात अडली. तेव्हापासून रेसिड्यू रिपोर्ट या कागदाचं महत्त्व बागाईतदाराला सांगावं लागत नाही. समजा तो रिपोर्ट मेलने आला, मुलाने बागेत उभ्या उभ्या फोनवर उघडला आणि औषधाच्या फवारणीत विसरून गेला. घरच्या कम्प्युटरवर ते पत्र आता ठळक दिसत नाही. मुलाने वाचलं म्हणजे बापाने वाचलं, असं आयमॅप धरून चालतो. सर्व्हरवर प्रत राखणारा पॉप असता तर दोघांनाही ते कोरंच दिसलं असतं. एकत्र कुटुंबाची आठवणही एकत्र असावी का, हे कुठल्याच प्रोटोकॉलने विचारलेलं नाही.

चूकसुद्धा सामायिक होते. फोनवरून पुसलेलं कम्प्युटरवरूनही जातं. सिंक म्हणजेच बॅकअप, ही फार महागात पडणारी समजूत आहे.

पॉपवाल्याची समजूत उलटी: माझ्याकडे आहे म्हणजे शाबूत आहे. वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार एका पीएसटी फायलीत, फाइल एका डिस्कवर, डिस्क एका टेबलाखाली. जुन्या आउटलुकमध्ये ही फाइल २ जीबीला टेकली की उघडायलाही नकार द्यायची. मालक होणं सोपं, राखणदार होणं कठीण.

१ एप्रिल २००४ रोजी जीमेलने १ जीबी जागा देऊ केली तेव्हा अनेकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली. हॉटमेलवर तेव्हा २ एमबी मिळत होते. जागा फुकट झाली आणि पत्र घरी आणण्याचं कारणच उरलं नाही. जागा मात्र परक्याची. खातं बंद झालं की पत्रंही त्याच्याबरोबर.

पॉप मेला, असं म्हणणाऱ्यांनी आपला फोन पाहावा. टोमॅटोचे भाव ज्या व्हॉट्सॲपवर फिरतात, ते निरोप पोचता झाला की आपल्या सर्व्हरवरून काढून टाकतं. पोचलाच नाही तर ३० दिवस वाट पाहतं. पुढचं तुमच्या फोनचं नशीब. स्वभाव पॉपचाच, आणि तो आज खिशाखिशात आहे.

माझा रोजचा कारभार आयमॅपवर चालतो. सीझन सरला की वर्षाची पत्रं पॉपने वेगळ्या डिस्कवर उतरवतो. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण आधी दोनदा पाहून. तरी ते दप्तर अर्धंच भरतं. पॉपला बहुतेक ठिकाणी फक्त आवक कळते. जावक उतरवायला पुन्हा आयमॅपच्याच दारात जावं लागतं.