सांडपाणी कुणाचं?

पुण्यात फ्लॅट बघतोय. एका माहितीपत्रकात इमारतींच्या मधोमध गोल्फचं मैदान आहे. हिरवळीला फक्त प्रक्रिया केलेलं सांडपाणी, असं आश्वासन. पुनर्वापर म्हटलं की माझ्यातला इंजिनिअर खूश होतो.

पण मी पाथरीचा. आमच्याकडे पाणी येतं जायकवाडीच्या डाव्या कालव्याने, वरच्यांचं भागल्यावर. म्हणून शंका आली. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीत जातं. आपल्या लेखी टाकाऊ असलेलं पाणी खालच्यांच्या हिशेबात असतं. हिरवळीवर शिंपडलेलं बरंचसं हवेत उडून जातं.

एप्रिल २०१६मध्ये लातूरला रेल्वेने पाणी जात होतं, तेव्हा आयपीएलच्या मैदानांसाठीही सांडपाणी वापरण्याची तयारी दाखवली गेली होती. तरीही उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले.

एका मैदानाने उजनी आटणार नाही, हे मलाही कळतं. पण तेच पाणी संडासाच्या टाक्यांना दिलं, तर धरणातून तेवढं कमी उचलावं लागेल. त्याला बचत म्हणता येईल. त्याच्यावर हिरवळ लावली, तर आपण एक नवी तहान निर्माण केली.

फ्लॅट मात्र आवडलाय. अडचण तीच आहे.