आंबा आणि फणस

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला लागलं आणि त्याच दुपारी आमच्या म्हसळ्यावरून गेलं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. वाडीतल्या सुपाऱ्या काडीसारख्या मोडत होत्या. आम्ही आईला मध्ये घेऊन माजघरात बसलो होतो. वारा पडल्यावर दार उघडलं, तर फणसाची एक फांदी पडवीच्या कौलांवर आडवी. आंबा उभाच होता, फक्त शेजारच्या काकूंच्या घराकडे जरा जास्त कलला होता.

पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. रेंज आली तसा मुंबईहून दादाचा फोन आला, "दोन्ही झाडं काढून टाक. पुढच्या वादळाची वाट बघायचीय का?"

आई म्हणाली, "वाऱ्याला काय झाडांनी बोलावलं होतं?"

दोघांचंही खरं वाटत होतं, म्हणून मी वर्षभर काहीच केलं नाही. रायवळ आंबा वडिलांच्या जन्माच्या वर्षी आजोबांनी लावलेला. फणस त्याच्याही आधीचा. ज्यांनी लावली ते गेले. आता ती तोडायचा अधिकार माझा कसा?

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात याचा विचार आहे. आरमाराला लाकूड लागतं, तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, असं त्यात म्हटलंय. पण त्याच जागी हेही आहे की झाड जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन ते तोडावं. आपण पहिली गोष्ट भाषणात सांगतो, दुसरी विसरतो.

शेवटी झाडं उतरवणाऱ्या एका जाणत्या माणसाला आणलं. त्याने आंब्याच्या बुंध्याशी पडलेला भुसा चिमटीत धरून दाखवला. भिरूड. कोयत्याच्या मुठीने ठोकलं तर आवाज पोकळ. फणसाला ठोकलं आणि हसला, "ह्यो घट हाय. फांद्या हलक्या करा, बस."

तेव्हा उलगडा झाला. फणसाची आम्हाला गैरसोय होती: पन्हळीत पातेरा, अंगणात गऱ्यांवर घोंगावणाऱ्या माशा. आंब्याचा धोका होता, आणि तोही आमच्या नाही, काकूंच्या डोक्यावर. पावसात रात्री वारा सुटला की काकू अंथरूण उचलून पुढच्या खोलीत जायच्या. आमच्याकडे येऊन एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. आजोबांच्या आठवणीची माया माझी, आणि तिची किंमत जागरण करून देत होत्या त्या. स्वतःच्या छपरावर झेपेल तेवढीच माया माणसाने करावी.

१९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा आणि फणस दोन्ही आहेत. रीतसर अर्ज केला, परवानगी आली, आंबा उतरवला. बुंध्यात हात कोपरापर्यंत आत गेला. फणसाच्या फक्त घराकडच्या फांद्या छाटल्या.

त्या दिवशी आई परसात आली नाही. संध्याकाळी मात्र काकूंकडे गेली आणि बराच वेळ बसली. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. पुढच्या मे महिन्यात दादा आला, परसात उभा राहिला आणि म्हणाला, "ऊन फार येतंय रे."

तोडा म्हणणारा तोच होता. मी काही बोललो नाही. खुर्ची उचलून फणसाच्या सावलीत ठेवली.